टीव्हीला वायरलेस हेडफोन: आवाज मागे का पडतो, आणि घरातल्या बाकीच्यांनी काय ऐकायचं?

रातराणी

मंडळी, इथे या विषयातले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते. बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज इतका मोठा असतो की आतल्या खोलीत दार लावून बसलं तरी बातम्यांमधला एक शब्द चुकत नाही. तोडगा म्हणून नवऱ्याचे ब्लूटूथ हेडफोन टीव्हीला जोडून दिले. जोडले गेले पटकन, पण दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे आवाज मागे पडतो. निवेदिकेचे ओठ हलून होतात, मग शब्द येतो. गंमत अशी की टीव्हीतल्याच ओटीटी ॲपवर सिनेमा लावला तर सगळं व्यवस्थित जुळतं. सेट-टॉप बॉक्सवर मॅच लावली की चेंडू बॅटला लागून सुटलेला असतो आणि मग 'टक्' ऐकू येतं. टीव्ही तोच, हेडफोन तेच, मग फरक कशाचा?

दुसरी अडचण, हेडफोन जोडले की टीव्हीचे स्पीकर बंद. बाबा ऐकणार आणि आई शेजारी बसून मूकपट बघणार.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन सॉकेट्स आहेत (एकावर एआरसी लिहिलंय), यूएसबी आहे आणि ऑप्टिकल असं लिहिलेलं एक चौकोनी झाकण आहे. हेडफोनची नेहमीची गोल पिन घालायला जागाच नाही. नवीन हेडफोन घ्यावेत का? घ्यायचे तर कुठल्या प्रकारचे?

शंकेखोर

साउंडच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक' असं काहीतरी असतं, ते मागेपुढे करून बघा. फुकटचा उपाय आधी.

रातराणी

केलं. ते शून्यावरच होतं. पुढे सरकवलं की आणखी बिघडतं आणि शून्याच्या मागे जायला तयार नाही.

बिनतारी

जाणारही नाही. ती सोय उलट्या दुखण्यावरची आहे. टीव्ही चित्रावर बरेच संस्कार करत बसतो, त्यात चित्र मागे पडतं आणि साउंडबारचा आवाज पुढे धावतो. म्हणून आवाजाला थोपवून धरायची सोय दिलेली असते. तुमच्याकडे आवाज आधीच उशिरा येतोय. त्याला आणखी थोपवून काय होणार? इथे चित्राला थांबवायला हवं, आणि ते बटण बहुतेक टीव्हींमध्ये नसतं.

आता फरक कशाचा ते. ब्लूटूथवर आवाज जसाच्या तसा जात नाही. टीव्ही तो आधी आकसून घेतो, छोट्या पुड्यांमध्ये बांधतो आणि पाठवतो. हेडफोन त्या पुड्यांचा थोडा साठा करून ठेवतात, म्हणजे मध्ये एखादी हरवली तर पुन्हा मागवायला वेळ मिळतो. मग उलगडून वाजवतात. एसबीसी नावाची जी सर्वसाधारण पद्धत सगळ्याच ब्लूटूथ हेडफोनांत असते, तिच्यात या सगळ्याला मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. यातला मोठा वाटा त्या साठ्याचा असतो.

ओटीटी ॲपला हे माहीत असतं. हेडफोनपर्यंत आवाज पोचायला किती वेळ लागणार याचा अंदाज टीव्हीची यंत्रणा ॲपला देते. सिनेमा आधीच थोडा उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे ॲप तेवढा वेळ चित्र रोखून धरतं आणि तुम्हाला काही कळत नाही. सेट-टॉप बॉक्सचं चित्र मात्र एचडीएमआयच्या केबलमधून जसं येतं तसं पडद्यावर जातं. ते कोणी रोखत नाही. उशीर दोन्हीकडे सारखाच आहे, एका ठिकाणी तो झाकला जातो इतकंच. गेम खेळताना तर झाकायची सोयच नाही, बटण दाबल्याबरोबर चित्र हलायला हवं.

किती उशीर चालतो याचीही मोजमापं आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार (बीटी.१३५९) आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला जाणवायला लागतं. ९० आधी किंवा १८५ नंतर म्हणजे सहन करण्याची हद्द. उशिराला जास्त सूट आहे, कारण लांबचा आवाज उशिरा पोचतो हे कानाला सवयीचं असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर असला की तुमच्या निवेदिकेचा चेहरा हातभर अंतरावर आणि आवाज जवळजवळ ७० मीटरवरून, असा प्रकार होतो.

शंकेखोर

मस्त प्रतिसाद, पण एक शंका. हल्ली हेडफोनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'लो लेटन्सी' (म्हणजे कमी उशीर) छापलेलं असतं. तसले घेतले की मिटलं की नाही?

बिनतारी

नाही. ही सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. कोडेक (आवाज आकसायची आणि उलगडायची पद्धत, एसबीसी त्यातलीच एक) ही दोघांमधली बोली आहे, ती बोलणाऱ्यालाही यायला हवी आणि ऐकणाऱ्यालाही. एपीटीएक्स लो लेटन्सी नावाच्या कोडेकमध्ये उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, अगदी उत्तम. पण टीव्हीला ती येत नसेल, आणि बहुतेक टीव्हींना येत नाही, तर दोघं मुकाट एसबीसीवर उतरतात. पडद्यावर 'कनेक्टेड' दिसतं आणि खोक्यावरचं वाक्य खोक्यावरच राहतं.

इअरबड्समधला 'गेम मोड' म्हणजे बहुतेक वेळा तो साठा कमी करणं. उशीर घटतो, पण मध्ये कोणी आलं-गेलं की आवाज तुटायला लागतो.

म्हणून रातराणी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: हेडफोन बदलायची घाई नको. टीव्हीचं स्वतःचं ब्लूटूथ वापरणं बंद करा. ऑप्टिकलच्या सॉकेटमध्ये वेगळा ट्रान्समीटर लावा. दुसऱ्या टोकाला त्याचीच बोली समजणारे हेडफोन हवेत. नवऱ्याच्या हेडफोनांच्या माहितीपत्रकात 'एपीटीएक्स लो लेटन्सी' हे अख्खं नाव आहे का बघा. नुसतं एपीटीएक्स किंवा एपीटीएक्स एचडी असेल तर ते वेगळं. एलडीएसी हा कोडेक तर या कामासाठी नकोच. संगीतासाठी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण उशिराच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही.

जुना_अँटेना

बिनतारी यांच्या सगळ्या प्रतिसादाला अनुमोदन, शेवटचा परिच्छेद सोडून. अहो, ज्येष्ठ माणसाला ब्लूटूथ कशाला? पेअरिंग, निळा दिवा, लाल दिवा, बटण पाच सेकंद दाबून धरा... आमच्याकडे हे सगळं करून झालंय. टीव्हीसाठी म्हणून खास बनवलेले आरएफ (ब्लूटूथऐवजी स्वतःच्या रेडिओ लहरींवर चालणारे) हेडफोन मिळतात. सेनहायझरची आरएस मालिका त्यातली सगळ्यांत परिचित, इतरही कंपन्यांचे आहेत. सोबत एक बैठक येते. तीच ट्रान्समीटर आणि तीच चार्जर. ती टीव्हीला कायमची जोडलेली. हेडफोन त्या बैठकीवर ठेवायचे, बघायच्या वेळी उचलून डोक्यावर घालायचे. जोडणी कारखान्यातूनच झालेली असते.

यातले जुन्या धाटणीचे सेट ॲनालॉग असतात, म्हणजे घरातल्या घरात एक छोटं एफएम केंद्रच. उशीर जवळजवळ शून्य. पण मागे हलकी खस्स चालू असते, आणि भिंतीपलीकडे कोणाकडे तसाच सेट असला तर दोघांच्या मालिका एकमेकांत घुसू शकतात. डिजिटल सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, खस्स नाही, उशीर थोडा असतो पण ओठांशी जुळतो. पूर्वी इन्फ्रारेडचेही असायचे. त्यांना समोरासमोर दिसावं लागतं, माणूस मध्ये उभा राहिला की आवाज गेला. नवीन घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

एक काळजी घ्या. परदेशातून कोणी आणून देत असेल तर फ्रीक्वेन्सी बघा. युरोपातले ॲनालॉग सेट ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झवर चालतात, अमेरिकेतले ९००च्या पट्ट्यात. एका ठिकाणी मोकळा असलेला पट्टा दुसऱ्या देशात वापरायला परवानगी असेलच असं नाही. २.४ चा पट्टा जवळपास सगळीकडे मोकळा आहे.

मी_आणि_रिमोट

बैठकवाल्या सेटला माझाही +१. आमच्या सासऱ्यांना सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे आवाजाची फिरकी कानाजवळ, हेडफोनवरच असते. रिमोट कोणाकडे आहे यावरून होणारे वाद अर्धे कमी झाले. काही सेटना डाव्या-उजव्या कानाचा आवाज वेगळा ठेवायचीही सोय असते. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्याला ती फार कामाची.

चार्जिंगबद्दल मात्र सांगते. हेडफोन बैठकीवर नुसते ठेवून भागत नाही, खालचे धातूचे दोन ठिपके बैठकीच्या पिनांवर नीट बसले पाहिजेत. जरा तिरके राहिले तरी दिसायला जागेवरच असतात आणि सकाळी बॅटरी ठणठणीत रिकामी. त्या ठिपक्यांवर कालांतराने तेलकट काळपट थर चढतो. कोरड्या सुती कापडाने घासून पुसायचा. दिवा लागला की मगच हात काढायचा, अशी सवय लावून टाकली. आत बहुतेक वेळा ट्रिपल-एच्या निकेल मेटल हायड्राइड बॅटऱ्या असतात, दमल्या की घरीच बदलता येतात. इअरबड्सची बॅटरी दमली की बहुधा अख्खे बड्सच बदलावे लागतात. फक्त बदलताना साध्या, रिचार्ज न होणाऱ्या बॅटऱ्या घालून ते बैठकीवर ठेवू नका.

रातराणी

किती सविस्तर! सगळ्यांचे आभार. बैठकवाला सेट एका नातेवाइकांकडे पडून होता, तो आणून ऑप्टिकलला जोडलाय. दिवा लागतो, हेडफोनही जोडले गेल्याचं दाखवतात, पण आवाज नाही. सेट बिघडलेला असेल का? बाबा म्हणताहेत, राहू दे, मला आहे तसंच ऐकू येतं :)

जुना_अँटेना

बिघडला असं इतक्यात म्हणू नका. नवी ऑप्टिकल केबल असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात. इतक्या घट्ट आणि इतक्या पारदर्शक, की त्या पिनेचाच भाग वाटतात. त्या काढल्या का? टीव्हीकडचं टोक लावून दुसरं टोक तळहाताकडे धरा, लाल उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे (त्यात थेट डोळा घालून बघू नका). पीन घालताना एक बाजू तिरपी कापलेली असते, ती जुळवून 'टिक' होईपर्यंत आत ढकला. आणि केबल कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका. आत तांब्याची तार नाही, प्रकाश वाहणारा धागा आहे. तोशिबाने १९८३ साली हे कनेक्टर काढले ते अजून तसेच चालू आहेत.

बिनतारी

लाल उजेड दिसत असेल तर ९९ टक्के पीसीएमची (न गुंडाळलेल्या साध्या डिजिटल आवाजाची) भानगड आहे. साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल साउंड आउटपुट' किंवा तशा नावाची ओळ शोधा. तिथे 'ऑटो', 'पास-थ्रू', 'बिटस्ट्रीम', 'डॉल्बी डिजिटल' असं काहीही असेल तर ते बदलून 'पीसीएम' करा.

कारण असं की बऱ्याच वाहिन्या आणि ॲप आवाज डॉल्बीत गुंडाळून पाठवतात. होम थिएटरला तो सोडवता येतो. हेडफोनच्या छोट्या ट्रान्समीटरमध्ये ते सोडवणारा भाग सहसा नसतो, म्हणून तो एक तर गप्प बसतो नाही तर खरखर करतो. पीसीएम केलं की टीव्ही स्वतः सोडवून साधा दोन बाजूंचा आवाज देतो. काही वाहिन्यांवर आवाज येतो आणि काहींवर नाही, हे याचं अगदी ठरलेलं लक्षण. टीव्हीत बदलूनही फरक पडला नाही तर सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही हीच ओळ असते, तिथे 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा.

रातराणी

पीसीएमच होतं! 'ऑटो'वर होतं ते बदललं आणि लगेच आवाज आला. बातम्यांत ओठ आणि शब्द जुळले. शिवाय स्पीकरही चालू आहेत, म्हणजे आईचाही प्रश्न सुटला. पण आता नवीनच. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त केला तर फक्त स्पीकरचा बदलतो, हेडफोनचा नाही. हे बरोबर आहे ना?

बिनतारी

बरोबर आहे, आणि तुम्हाला तेच हवंय. ऑप्टिकलमधून बहुतेक टीव्ही एकाच ठरावीक पातळीवर आवाज सोडतात. रिमोट खोलीसाठी, हेडफोनवरची फिरकी बाबांसाठी. स्पीकर शून्यावर आणला किंवा म्यूट केला तरी बऱ्याच टीव्हींवर हेडफोनमध्ये आवाज चालू राहतो. तुमचा टीव्ही काय करतो ते एकदा बघून ठेवा, रात्री उपयोग होईल.

ज्यांच्या टीव्हीला गोल पिनेची जागा आहे त्यांच्यासाठी: तिथे काही घातलं की स्पीकर बंद पडतात. पण काही टीव्हींत त्या सॉकेटला 'हेडफोन' ऐवजी 'ऑडिओ आउट' करायची सोय असते, मग स्पीकर चालू राहतात. काही नव्या टीव्हींच्या ॲक्सेसिबिलिटी मेनूत ब्लूटूथ आणि स्पीकर दोन्ही एकदम चालवायची सोयही असते. उशिराचा प्रश्न मात्र तिथे राहतोच.

मंद्रसप्तक

दोन्ही एकदम चालवणाऱ्यांना एक त्रास होतो, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. खोलीतला स्पीकर आणि कानातला हेडफोन यांच्यात अंतर पडलं तर प्रतिध्वनी ऐकू येतो. दोन सारखे आवाज ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आले तर मेंदू त्यांना एकच समजतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं होतं. त्याच्या पुढे गेलं की प्रत्येक शब्द दोनदा. टीव्हीच्या ब्लूटूथवर हे फार जाणवतं. आरएफ सेटवर सहसा नाही. जाणवलं तर स्पीकरचा आवाज थोडा उतरवा, नाही तर कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन वापरा.

शंकेखोर

माझं एक तिरकस मत. एकाच सोफ्यावर एकाने हेडफोन घालून बसायचं आणि दुसऱ्याने हेडफोनशिवाय, हे काही मला पटत नाही. टीव्ही बघताना निम्मी मजा मधल्या शेऱ्यांची असते. हेडफोनवाल्याशी बोलायला खांदा हलवावा लागतो. आवाज रद्द करणारे हेडफोन असले तर बेल वाजलेलीही कळत नाही.

मी_आणि_रिमोट

शंकेखोर, भावना पोचल्या. पण यावर उपाय आहे. मागून उघडे असलेले, जाळीवाले हेडफोन घ्यायचे. बाहेरचं ऐकू येतं, कानही गरम होत नाहीत, तासन्‌तास घालता येतात. आमच्याकडे सासूबाई 'अहो, बेल वाजली' म्हणतात आणि सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करतात, त्यात हेडफोनचा दोष नाही.

उलट बाजू अशी की उघड्या हेडफोनमधून आवाज बाहेरही झिरपतो. शेजारी कोणी झोपलेलं असेल तर बंदच बरे. आणि टीव्हीसाठी नॉइज कॅन्सलिंगवर पैसे घालवू नका, घरात विमानाची घरघर नसते.

झोपमोड

माझी अडचण वेगळी आहे. टीव्हीच्या मागच्या यूएसबीत बसणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर घेतलाय, कोडेक दोन्हीकडे जुळतोय, ओठ जुळतात. पण आवाज मध्येमध्ये तुटतो. सोफा काही लांब नाही, सरळ समोर आहे. स्वयंपाकघरात कोणी मायक्रोवेव्ह लावला की तर विचारूच नका.

बिनतारी

मायक्रोवेव्ह, २.४ चं वाय-फाय आणि ब्लूटूथ, तिघं एकाच पट्ट्यात भांडतात. त्यातून ट्रान्समीटर टीव्हीच्या पाठीला चिकटवलेला. तुमच्या आणि त्याच्या मध्ये अख्खा टीव्ही आहे, धातूच्या पत्र्यासकट. यूएसबीची छोटी एक्स्टेंशन केबल घ्या आणि ट्रान्समीटर टीव्हीच्या कडेच्या बाहेर, समोरून दिसेल असा आणा. बहुतेकांचं इथेच भागतं.

तरीही तुटत असेल तर टीव्ही आणि स्ट्रीमिंगचं यंत्र ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर न्या किंवा लॅनची तार लावा. आणखी एक, शेजारच्या यूएसबीत हार्ड डिस्क लावलीय का? यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक निबंधच काढला होता. डिस्क काढून बघा.

झोपमोड

हार्ड डिस्क होती, बरोबर शेजारीच. ती काढली आणि ट्रान्समीटर बाहेर लोंबवला. तुटणं गेलं. दिसायला भयाण आहे, पण चालेल. मायक्रोवेव्ह लागला की अजून एखादा झटका येतो.

आता पुढचं. ही आणि मी दोघांनी रात्री हेडफोन लावून बघायचं तर?

जुना_अँटेना

आरएफ असेल तर त्याच बैठकीवर चालणारा दुसरा हेडफोन वेगळा मिळतो. ॲनालॉगवर कितीही लावा, केंद्राला ऐकणाऱ्यांची संख्या कळतच नाही. डिजिटलमध्ये किती ते माहितीपत्रकात दिलेलं असतं.

बिनतारी

ब्लूटूथ ट्रान्समीटर 'ड्युअल लिंक' असेल तर दोन हेडफोन चालतात. पण दोन्ही एकाच कोडेकचे हवेत. एक लो लेटन्सी आणि एक साधा, असं लावलं की बरेच ट्रान्समीटर दोघांनाही साध्यावर उतरवतात. म्हणजे बायकोचे जुने बड्स जोडले की तुमचेही ओठ बिघडणार. ॲपलच्या टीव्ही बॉक्सला दोन एअरपॉड्स एकदम जोडता येतात आणि बॉक्स चित्र जुळवून घेतो, पण त्या बॉक्सवर जे चालतं त्यापुरतंच. रोकूचा स्ट्रीमिंग बॉक्स असणाऱ्यांना फोनच्या ॲपमधून आवाज ऐकायची सोय आहे, हेडफोन फोनला जोडायचे. त्यात ट्रान्समीटरच लागत नाही.

फोनवरून आठवलं. हेडफोन एकाच वेळी फोन आणि टीव्ही दोन्हींना जोडलेले असतील तर ऐन रहस्यभेदाच्या वेळी फोनवर कोणीतरी पाठवलेला सुप्रभातचा व्हिडिओ कानात वाजतो. रात्रीपुरतं फोनशी नातं तोडा.

वैद्यबुवा_नाही

(हे नाव गमतीत घेतलंय, पण कामाचा संबंध श्रवणचाचण्यांशी येतो.) धागा यंत्रांचा आहे, तरी बाबांच्या कानांबद्दल दोन शब्द लिहितो.

वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. स, श, त, फ, थ यांचे हलके आवाज तिथेच असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून 'ऐकू येतं पण बोललेलं कळत नाही' अशी तक्रार असते, आणि टीव्ही मोठा केला की स्वरच मोठे होतात. पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो, त्यात उरलीसुरली व्यंजनं पुसली जातात. हेडफोनने बरं वाटतं ते नुसता आवाज वाढल्यामुळे नाही, खोलीचा घुमारा मधून निघून जातो म्हणून. टीव्हीत किंवा बैठकीवर 'स्पीच' किंवा 'क्लिअर व्हॉइस' असलं काही असेल तर ते चालू करून बघा, बातम्यांना चांगलं लागू पडतं.

पण हेडफोनवर आवाज किती चढवला हे बाहेरच्याला कळत नाही, हा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि दूरसंचार संघ यांच्या एच.८७० या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरली आहे, लहान मुलांसाठी ७५. दिवसभर टीव्ही चालू असणाऱ्या घरात ४० तास कधी भरले ते कळतही नाही. एकदा ते हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघा. तुम्हाला दचकायला होत असेल तर कानांची तपासणी करून घ्या, हेडफोन हा तिला पर्याय नाही. एकाच कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

रातराणी

हे फार उपयोगी. मी लावून बघितले, बाबांची पातळी खरंच दचकवणारी आहे. तपासणीची वेळ घेतलीय. समजा श्रवणयंत्र लागलं तर हा सेट वाया जाईल का? श्रवणयंत्रावर हेडफोन घालता येतात?

वैद्यबुवा_नाही

कानामागे बसणाऱ्या यंत्रावर मोठ्या कपाचे, कान पूर्ण आत घेणारे हेडफोन चालतात. माइक कपाच्या आत राहिला पाहिजे. कप जवळ आला की काही यंत्रं शिट्टी मारतात. बसवून देणाऱ्याकडे हेडफोन सोबत घेऊन जा आणि तिथेच घालून बघा, म्हणजे ते त्याप्रमाणे जुळवून देतील.

याहून सोपं म्हणजे श्रवणयंत्राच्या कंपनीचाच टीव्ही स्ट्रीमर. फोनॅक, ओटिकॉन, रिसाउंड यांचे आहेत. टीव्हीला ऑप्टिकलने जोडायचा, आवाज थेट यंत्रात, बाबांच्या तपासणीप्रमाणे सुधारून. तो त्याच कंपनीच्या यंत्राबरोबर चालतो, त्यामुळे यंत्र निवडतानाच विचारा. पीसीएमचं सेटिंग आहे तसंच ठेवा.

मंद्रसप्तक

ऑराकास्ट येतंय ना? मग कंपनीची कटकट राहणार नाही असं वाचलं होतं. थांबावं का?

बिनतारी

ब्लूटूथचा नवा अवतार, एलई ऑडिओ, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला, तपशील २०२२ मध्ये पुरे झाले. एलसी३ नावाचा नवा कोडेक आहे, उशीर कमी ठेवता येतो, आणि ऑराकास्टमध्ये एक टीव्ही हव्या तितक्या हेडफोनांना आणि श्रवणयंत्रांना एकदम आवाज देऊ शकतो. कल्पना उत्तम. पण पुन्हा तेच, टीव्हीतही हवं आणि कानातही हवं, आणि खोक्यावर 'ब्लूटूथ ५.२' किंवा ५.३ छापलंय म्हणजे ते आहेच असं नाही. 'ऑराकास्ट' हा शब्द दोन्ही खोक्यांवर दिसला तर घ्या. नाही तर माणसाला आज ऐकू येत नाहीये, आणि आज चालणारा उपाय ऑप्टिकलच्या सॉकेटमध्ये आहे. नवा टीव्ही घेणार असाल तर मात्र आताच यादीत लिहून ठेवा, आणि ऑप्टिकल सॉकेट आहे का तेही बघा, काही नव्या टीव्हींतून ते काढून टाकलंय. मग एचडीएमआयच्या एआरसी सॉकेटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या) ऑप्टिकल काढून देणारी डबी मध्ये लावावी लागते.

रातराणी

एक शेवटचं विचारते. बैठक टीव्हीच्या यूएसबीवर चालवली तर वेगळा चार्जर वाचेल का? प्लग कमी पडताहेत.

मी_आणि_रिमोट

नको. बरेच टीव्ही बंद झाले की यूएसबीची वीजही बंद करतात. मग रात्रभर हेडफोन बैठकीवर असूनही चार्ज होणार नाहीत. नुसता ट्रान्समीटर असेल तर टीव्हीवरून चालतो, बैठकीला भिंतीतला प्लगच द्या. सोबत आलेला ॲडॅप्टरच लावा. पीन बसते म्हणून दुसऱ्या कशाचा लावू नका, व्होल्टेज वेगळं असू शकतं.